अठ्ठ्याहत्तर अंश उत्तर

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा आठवीत सुटली, आणि पुढचं मराठी हैदराबादेत घरी बोलून जेवढं टिकलं तेवढंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्द साधे वाटतील, तर सांभाळून घ्या. ‘मी’ म्हणून लिहायला हात धजत नाही, म्हणून ज्याची गोष्ट आहे त्याला धम्मदीप म्हणतो.

१

देशाचं दार बाहेरच्या कंपन्यांना उघडलं, त्यानंतर काही वर्षांनी सिकंदराबादेत एका बँकेच्या वरच्या मजल्यावर नकाशांचं ऑफिस सुरू झालं. परदेशातून कागदी नकाशे यायचे. इथली पोरं ते मोठ्या टेबलावर चिकटवायची आणि भिंगातली काळी फुली फिरवत एकेक नदी, एकेक रस्ता गिरवायची. गिरवलेलं सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरायचं. मशीनसाठी एसी होता, आणि धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढाव्या लागायच्या.

धम्मदीप त्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात स्थिर म्हणून त्याला घेतलं. उन्हाळा संपेपर्यंत काम शिकला तर कायम, नाहीतर पुन्हा पाट्या, असं ठरलं होतं.

शिकवायला शर्वरी मॅडम होत्या. पुण्याच्या, भूगोल शिकलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पिशवीतून एक बत्ताई काढली. मोसंबीला हैदराबादेत बत्ताई म्हणतात, आणि मॅडमना तो शब्द फार आवडायचा.

“ही पृथ्वी समजा. सोलली की फोडींच्या रेघा दिसतात, देठापासून बुडापर्यंत. त्या रेखांशाच्या. आता हीच आडवी कापली की गोल चकत्या पडतात. त्या अक्षांशाच्या. मधली सगळ्यात मोठी चकती म्हणजे विषुववृत्त. तिथून तुम्ही किती वर, हे अक्षांश सांगतो. आणि ग्रीनिचच्या रेघेपासून किती पूर्वेला, हे रेखांश. कळलं का?”

“समझ गया मॅडम,” शेजारच्या टेबलावरचा गौस म्हणाला. “अब खाने का कब?”

सगळे हसले. मॅडमनी त्याला एक फोड दिली आणि पुढे सांगितलं, “हैदराबाद सतरा अंश वर आहे, अठ्ठ्याहत्तर अंश पूर्वेला. एका अंशाची साठ मिनिटं करा, मिनिटाचे आणखी साठ भाग करा. बारीक करत गेलात की एका घरावर येऊन थांबाल. दोन रेघा जिथे भेटतात, ती जागा जगात एकच. तिथे दुसरं काही असूच शकत नाही.”

हे शेवटचं वाक्य धम्मदीपच्या डोक्यात बसलं.

ऑफिसात एक रीत होती. नवा माणूस आला की त्याने आपल्या घराचे अक्षांश-रेखांश मोजायचे आणि जगाच्या नकाशावर आपला ठिपका टाकायचा. धम्मदीपने शहराच्या नकाशावर बेगम बाजार शोधला, आपली बोळ शोधली, पट्टी लावली. सतरा अंश बावीस मिनिटं, अठ्ठ्याहत्तर अंश अठ्ठावीस मिनिटं. मोजणी बरोबर होती. पण टेबलावर काम करताना आधी आडवं माप घ्यायचं आणि मग उभं, ही सवय त्याच्या बोटांना लागली होती. नकाशावर आडवं माप म्हणजे रेखांश. त्याने आधी अठ्ठ्याहत्तर टाकलं. पडद्यावर आधी अक्षांश मागितला होता. त्याला शंका आली, बोट थांबलंसुद्धा. पण मागे चौघे उभे होते, विचारायची लाज वाटली, आणि त्याने बटण दाबलं.

हैदराबादेत ठिपका दिसेना. गौसने शोधून काढला. “अरे मियां, तू तो एकदम ऊपर चला गया.”

नॉर्वेच्याही वर, नकाशाच्या माथ्याजवळ एक पांढरं बेट होतं. त्या पांढऱ्यात लाल ठिपका होता.

“आधी अक्षांश रे बाबा,” मॅडम हसल्या. “बर्फात नेऊन ठेवलंस की घर. असू दे, दुपारी नीट करू.”

त्या फाईलला मॅडमचा पासवर्ड होता. दुपारी नव्या नकाशांचा गठ्ठा आला, आणि ते राहून गेलं. धम्मदीपने आठवण करून द्यायला हवी होती. रोज सकाळी तो तसं ठरवायचा. रोज संध्याकाळी गौस चपला घालताना म्हणायचा, “सलाम बोलना भालू को,” आणि तो खाली मान घालून जिना उतरायचा.

२

घर म्हणजे दोन खोल्या. पुढची बोळीकडे उघडणारी, मागची अंधारी. मागच्या खोलीला उत्तरेच्या भिंतीत छताजवळ एक झरोका होता, आणि त्यापलीकडे हातभर अंतरावर मिठाच्या गोदामाची भिंत. वडील देवराव रेल्वेत होते. ते गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा मायलेक इथे आले. आई भागूबाई मागच्या खोलीत बसून एका व्यापाऱ्याची चिंच निवडायची. चिंचोके एका बाजूला, गर दुसऱ्या बाजूला, दिवसभर. बोळीत मिरचीचा खाट आणि हळदीचा वास, मागच्या खोलीत चिंचेचा.

मे महिना होता. पत्रे तापून कडकड वाजायचे. एका संध्याकाळी तो घरी आला तर भागूबाई खुशीत होती.

“दीपू, माठातलं पाणी पिऊन बघ.”

त्याने तांब्या तोंडाला लावला. दात ठणकले.

“माठ नवा आणला का माय?”

“नवा कशाचा. मागली खोलीच गार पडली बघ. मंगला येऊन दुपारभर बसली होती. म्हणली, भागूबाई, तुम्ही चोरून कूलर लावला की काय.”

मंगला म्हणजे बोळीच्या तोंडाशी एसटीडीचा बूथ चालवणारी शेजारीण. तिची थट्टा आठवून माय पुन्हा हसली. धम्मदीपही हसला. आत जाऊन त्याने भिंतीला हात लावला. भिंत ओली नव्हती. नुसती गार होती, आतपर्यंत गार. गोदामात कुणी बर्फ ठेवला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. उन्हाळ्यात बर्फाचा धंदा चालतो.

३

बोळीत नळ पहाटे यायचा. धम्मदीप अंधारात उठून घागरी भरायचा आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवायचा. चार दिवसांनंतरची गोष्ट. घागर ठेवून तो वळला आणि पुन्हा मागे वळला. घागरीची सावली पडली होती.

बाहेर अजून झुंजूमुंजूसुद्धा नव्हतं. बोळीतला दिवा गेलेला होता. आणि इथे घागरीची सावली लांब, दाट, थेट पुढच्या खोलीच्या दारापर्यंत पोचली होती. उजेड झरोक्यातून येत होता. पिवळा नव्हे, पांढराही नव्हे. हिवाळ्यात उन्हं कलतात तसा.

गोदामवाल्याने दिवा लावला असेल. त्याने स्टूल ओढलं, चढला, आणि मग झरोक्यापर्यंत डोकं नेण्याआधीच उतरला. का उतरला, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. झरोक्यातून वारा येत होता. हातभर अंतरावर भिंत असली की वारा येत नाही.

त्या दिवशी डबा खाताना त्याने मॅडमना विचारलं. इतक्या हळू विचारलं की त्यांना दोनदा ऐकावं लागलं.

“सूर्य उत्तरेकडून येतो का कधी?”

“चांगला प्रश्न आहे. आपल्याकडे मेच्या मध्यानंतर दुपारी जरासा उत्तरेकडे झुकतो. पण डोक्यावरच असतो.”

“खाली असला तर? भिंतीतून येईल एवढा खाली?”

“मग खूप वर जावं लागेल. ध्रुवाजवळ. तिथे उन्हाळ्यात तो मावळतच नाही. घाण्याच्या बैलासारखा नुसता गोल फिरत राहतो. मध्यरात्री उत्तरेला असतो.” मॅडमनी मनात काहीतरी हिशोब केला. “तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटच होईल, नाही का? रेखांशाचा फरक.”

धम्मदीपने डबा झाकला. तेव्हा सांगता आलं असतं. पण गौस ऐकत होता, आणि सांगायचं तरी काय होतं?

४

आता माय स्वेटर घालून बसायची. मेमध्ये. चिंच दगडासारखी कडक झाली होती, ती पुढच्या खोलीत आणून उन्हात ठेवावी लागायची. मायच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती.

“माय, पुढं बसत जा.”

“पुढं तर भट्टी आहे. अन् इथं बरं वाटतं रे. मोकळं वाटतं.”

“मोकळं?”

तिने हातातला चिंचोका बाजूला टाकला. “क्वार्टरमध्ये मागल्या अंगणात बसल्यावर वाटायचं तसं. लांबवर कुणीच नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “गोदामात रात्रपाळी चालू झाली का रे? कुणीतरी मिठावर चालतं. खरप, खरप, खरप. थांबतं. अन् मग हुंगल्यासारखं करतं.”

“घूस असेल.”

“घुशीचं एवढं वजन नसतं.”

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम वळसा घालून गोदामाच्या पुढून गेला. दाराला कुलूप होतं, कुलपावर गंज होता. समोरचा हमाल म्हणाला, मीठ कवाच हलवलं, आत काई नाई.

धम्मदीप स्वतःशी भांडत घरी आला. दिवसभर एसीत बसतोस, म्हणून घरी गारवा भासतो. बर्फात घर गेलं असं सगळे म्हणतात, म्हणून तुला तसं वाटतं. ठिपका हा ठिपका असतो. पाटीवर वाघ रंगवला म्हणून दुकानात वाघ येत नाही.

पण मायची बोटं त्याला भासली नव्हती. ती त्याने हातात धरून चोळली होती.

५

बुधवारी संध्याकाळी तो आला तेव्हा पुढची खोली रिकामी होती. मधलं दार लोटलेलं होतं, आणि दाराखालच्या फटीतून उन्हाची पट्टी फरशीवर आली होती. बोळीत दिवे लागले होते.

“माय,” त्याने हाक मारली.

उत्तर आलं नाही. तो दाराकडे निघाला, आणि मग आलं. “आले रे.”

आवाज मायचाच होता. पण उशिरा आला होता. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारली की जेवढा वेळ लागतो, तेवढ्याने. खोली दहा फुटांची होती.

त्याने दार ढकललं. माय भिंतीशी बसली होती, गोधडी पांघरून, त्याच्याकडे पाठ करून. जमीन दिसत होती, चूल दिसत होती, उतरंडही होती. पण माय जिच्याकडे तोंड करून बसली होती ती भिंत कुठे आहे हे त्याच्या डोळ्यांना ठरवता येईना. पांढरा चुना होता आणि चुन्यामागे पांढरं होतं, आणि ते पांढरं लांबपर्यंत जात होतं. त्या लांबवर एक पिवळसर टेकाड होतं. त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा टेकाड जरा डावीकडे होतं.

त्याने मायला दोन्ही हातांनी उचलून पुढे आणलं. तिच्या केसांवर पांढरी भुकटी होती. दार लावून त्याने कडी घातली आणि पाठ टेकून बसला.

“काय झालं रे?” माय म्हणाली. तिचे ओठ निळे होते. “मी आत्ता तर बसले होते. इतक्यात दिवे लागले?”

ती रात्र दोघांनी पुढच्या खोलीत काढली. सकाळी ती म्हणाली, चिंच आज द्यायची आहे, राहिली तर काम जाईल. दारापुढे बसून करते, आत जात नाही. तिने शपथ घेतली. पण चूल आत होती, पाणी आत होतं. ती जाणारच, हे त्याला ठाऊक होतं. बसने सिकंदराबादला जाताना त्याने एकच वाक्य घोकलं.

६

“मॅडम, माझा ठिपका चुकलाय. आत्ता नीट करायचा आहे.”

सगळ्या ऑफिसपुढे, मोठ्याने. गौसची फुली टेबलावर थांबली.

शर्वरी मॅडमनी वर पाहिलं. “अरे हो, राहिलाच तो. चहानंतर...”

“आत्ता. माझी आई त्या घरात आहे.”

कुणी हसलं नाही. मॅडमनी खुर्ची ओढली, फाईल उघडली. “तूच सांग. आधी काय?”

“अक्षांश. विषुववृत्तापासून किती वर. सतरा अंश, बावीस मिनिटं.” मॅडमनी आकडा टाकला. “मग रेखांश. अठ्ठ्याहत्तर, अठ्ठावीस.”

मॅडमचं बोट बटणावर गेलं.

“थांबा.”

त्याला बसमध्ये जे सुचलं नव्हतं ते आता सुचलं. ठिपका हलला की खोली परत येईल. पण त्या वेळी माय आत असली, त्या पांढऱ्यात चार पावलं पुढे गेलेली असली, तर? खोली येईल आणि ती तिकडेच राहील. असं होतं की नाही, कुणाला विचारणार होता तो?

“फोन लावू द्या एक.”

बोळीतल्या बूथचा नंबर त्याला पाठ होता. मंगलाने उचलला.

“मंगलाक्का, मायला बोलवा. पळत जा. आत असली तर हात धरून आणा.”

“काय झालं रे? कोण गेलं?”

“कुणी नाही. तुम्ही जा.”

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग बोळ ऐकू आली, हातगाडी, कुणीतरी मिरचीने शिंकणारा. खूप वेळाने चपलांचा आवाज.

“हॅलो?” माय फोनवर ओरडून बोलायची. “दीपू? बरा आहेस ना?”

धम्मदीपने मॅडमकडे पाहून मान हलवली. मॅडमनी बटण दाबलं.

मशीन संथ होतं. काही बदललं की सगळा नकाशा पुसायचं आणि वरून खाली पुन्हा काढायचं, ओळीओळीने. लाल ठिपका गेला. पांढरं बेट पुन्हा आलं, रिकामं. नॉर्वे आलं. हैदराबाद अजून फार खाली होतं. तेवढ्या वेळात त्यांचं घर जगात कुठेच नव्हतं.

“दीपू, जाते मी,” माय म्हणाली. “दूध चुलीवर आहे. अन् मधलं दार उघडं राहिलं. ते आत यायचं.”

“काय आत यायचं?”

“ते हुंगतं ते. आज पार जवळ आलतं.”

“माय, जाऊ नको.”

“अरे पण...”

“माय, चिंचेचं सार कसं करतात?”

“काय?”

“सार. चिंचेचं. सांग की.”

“ऑफिसातून फोन करून सार विचारतो? मंगला, ऐकलंस का, पोरगं खुळावलं माझं.” पण ती हसली, आणि सांगायला लागली. “चिंच कोमट पाण्यात भिजवायची. कोळून घ्यायची. जास्त पिळायची नाही, कडू होते.”

नकाशा तुर्कस्तानापर्यंत उतरला होता. फोनमध्ये खरखर झाली, आणि त्या खरखरीच्या मागे काहीतरी तडकलं, मोठं, लांबवर.

“हे काय वाजलं?” माय म्हणाली.

“काही नाही. पुढं?”

“पुढं गूळ. मूठभर घालायचा, हात आखडायचा नाही...”

काश्मीर आलं. दिल्ली आली. गौस त्याच्या खांद्यामागे उभा होता आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. माय फोडणीपर्यंत आली, जिरं, कढीपत्ता, सुकी मिरची, आणि ती मिरची तडतडेपर्यंत थांबायचं म्हणत होती तेव्हा दख्खनच्या मधोमध लाल ठिपका उमटला.

“कळलं का?” मायने विचारलं.

“कळलं,” धम्मदीप म्हणाला आणि तिथेच जमिनीवर बसला.

७

मॅडमनी त्याला लगेच घरी पाठवलं. माय बूथच्या बाकावर बसून होती, आणि मंगला तिला चहा पाजत होती. दोघींना बाहेरच ठेवून तो एकटा आत गेला.

मागची खोली तापली होती, मेमध्ये तापायला हवी तशी. चिंचेचा आंबूस वास होता. झरोक्यात गोदामाची भिंत होती, तिच्यावर कोळ्याचं जाळं. त्याने सगळ्या भिंतींना हात लावला. भिंतीच होत्या.

दुधाचं पातेलं खाली पडलं होतं, चाटून लख्ख केलेलं. गोधड्या चिंब होत्या. आणि उत्तरेच्या भिंतीपाशी फरशीवर एक ओला ठसा होता. पसरट, परातीएवढा. पण अर्धाच. टाच खोलीत होती. बोटं जिथे असायला हवी होती तिथे भिंत होती.

म्हणजे ते निघालं होतं. पाठ फिरवून, घराबाहेर.

तो उकिडवा बसून बघत राहिला. उकाड्याने ठसा कडेकडेने आटला, आणि शेवटी फरशी कोरडी झाली.

“येऊ का रे आत?” मायने बोळीतून विचारलं.

“ये,” तो म्हणाला. आवाज लगेच पोचला, आणि तिचं पाऊलही.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गोधड्या पिळून बोळीत वाळत घातल्या. उन्हाळ्यात गोधड्या भिजल्या कशाने, म्हणून सगळी बोळ विचारत होती. मायच्या बोटांना रंग आला होता. तिने त्याला गोधडी कोपऱ्याला धरून झटकायला शिकवलं. त्यात उशीर झाला. ऑफिसात तो पहिल्यांदाच उशिरा पोचला.

“का रे उशीर?” मॅडमनी विचारलं.

“गोधड्या ओल्या होत्या मॅडम. बर्फाने. वाळत घातल्या.”

सांगून तो आपल्या जागेवर बसला. मॅडमनी उठून पासवर्ड टाकला आणि घरांच्या ठिपक्यांची फाईल त्याच्या मशीनवर उघडून दिली.

गौस स्टूल घेऊन आला आणि त्याच्या शेजारी टेकला. आज तो थट्टा करत नव्हता.

“मियां,” तो हळूच म्हणाला, “मेरा घर भी ज़रा देख ले ना. अम्मी अकेली रहते दोपहर को.”

त्याच्यामागे आणखी दोघे येऊन उभे राहिले. धम्मदीपने शहराचा नकाशा पसरला, पट्टी लावली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आधी अक्षांश. खालून वर मोजायचं.”

मग त्याने गौसची गल्ली शोधायला घेतली.